मिठाची वही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
चोरिसांच्या माळा आणि सुके बांगडे यांच्या मधल्या बोळात
रद्दीवाल्या इस्माईलकडे ही वही मिळाली.
कापडी पाठ, एक कोपरा वाळवीनं नेलेला,
हडफड्याच्या कुठल्याशा मिठागराचा हिशेब,
पोर्तुगीज अमदानीतला.
साठ म्हणाला. मी चाळीस दिले.
तरी वर त्यानं, भाजीवर कोथिंबीर टाकावी तशी,
एक फाटकी प्रार्थनेची चोपडी फुकट घातली.

मला पोर्तुगीज येत नाही.
पंचायतीत जन्ममृत्यूचे दाखले लिहिते मी,
दिवसभर इतकं कळतं
की संध्याकाळी न कळणारं अक्षर
गार पेजेसारखं पोटात उतरतं.
वहीतला माणूसही कारकूनच.
ओळ संपली की टाक झटकायचा,
शाईचे थेंब समासात, मुंग्यांसारखे.

महिनाभर वही उशाशी नुसती पडून होती.

मग शापोऱ्याच्या जेटीवर आगुश्तीन दिसला,
होडीच्या कुशीला उकिडवा बसून
‘केळबाय प्रसन्न’ रंगवत.
त्याचा ळ म्हणजे
चिखलातून डोळे वर काढलेली कुर्ली.
कुठे शिकलात हो देवनागरी?
“वाचूंक येना म्हाका,” ब्रश न थांबवता म्हणाला,
“पिंतरावंक येता.”
मालक चिठ्ठीवर लिहून देतो,
हा कधीकधी चिठ्ठी उलटी धरतो, मालक ओरडतो, हा सुलटी करतो.
गेल्या साली एका होडीवर स राहून गेला.
वर्षभर ती ‘प्रन्न’ म्हणून समुद्रात जात राहिली,
आणि इसवण काही कमी लागला नाही.

परतताना बसच्या खिडकीतून पहिल्यांदाच
पाट्या वाचल्या नाहीत, पाहिल्या.
‘नारळ पाडून मिळतील’: शेवटचा ल माडावर चढलेला.
‘फणसाखाली गाडी लावू नये’: नये वर दोनदा रंग.
एका फाटकावर नुसतं ‘कुत्रो’,
इतक्या सुबक अक्षरात
की मीच हात जोडायचे बाकी होते.

आणि मामाच्या गावी, देवळाची भिंत.
शाबलो मेस्त ओल्या चुन्यावर हुरमुंजीचा लाल थर देऊन
कंपासच्या टोकानं खरवडत होता.
सुंदर फूल काढलंत, म्हटलं मी.
“फूल खंय काढलां?” तो हसला,
“फूल सोडून बाकीचं काढलं.”

त्या रात्री करवंटीत हुरमुंजी कालवली, डिंक घातला,
आणि वहीचं पहिलं पान लाल केलं,
एक शब्द सोडून.
अर्थ माहीत नव्हता, आकार आवडला,
त्यातल्या डीची मान बगळ्यासारखी मागे वळलेली.
दुसऱ्या पानावर तोच शब्द. तिसऱ्यावरही.
रोमन अक्षरं जुळवून मी वाचलं: नाद.
बरोबरच होतं. तोच तर लागला होता.
भात करपला, दोन दाखल्यांवर तारीख चुकली,
नखांतला लाल जाईना.

शेजारच्या एर्मेलिंद बाईंनी चष्मा पुसून पाहिलं.
“नाद नव्हे गो, नादा. म्हणजे काही नाही.
जून, नादा. जुलै, नादा.
पावसात मीठ कुठलं पिकणार?”
मग बोट खाली सरकवून म्हणाल्या,
“हे बघ, साल. साल म्हणजे मीठ.”
एस, ए, एल. मी तर सल वाचून
तो आधीच झाकून टाकला होता.

चार महिने काही नाही,
तेही दर आठवड्याला, तारीख घालून,
वळणदार अक्षरात लिहून ठेवणारा माणूस.
मी त्याच्याविषयी बराच वेळ विचार केला.

मुखपृष्ठ आगुश्तीनकडून करून घेतलं.
चिठ्ठीवर ‘नाद’ लिहून दिलं.
त्यानं एका दमात रंगवलं, काना विसरून.
‘नद’.
पाठीमागे नदीला भरती चढत होती.
मी काही बोलले नाही.
ब्रशवर उरलेला रंग
त्यानं शेजारच्या होडीला पुसला.